उचललेला फोन आणि आलेला माणूस

सासूला घराबाहेर काढण्यासाठी सुना काय काय करतात याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यासाठी संगणकापुढे बसलेली सून मात्र त्यांत सहसा सापडत नाही. ही तशी होती. सातव्या मजल्यावर राहायची, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत प्रोग्राम लिहायची, आणि तिच्या सासूबाई कित्येक महिने खाली उतरल्या नव्हत्या.

कारण साधं होतं. सासूबाई एकदा लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. त्यांनी न घाबरता मदतीचं बटण दाबलं. खाली रखवालदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने तो उचलला, "हो आजी, हो हो, सांगतो," म्हणाला, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि सांगायला निघाला. वाटेत त्याला दारातच गाडी लावणारा एक भाडेकरू भेटला, आणि ते भांडण रंगलं. सासूबाईंना तोवर रिसीव्हरमधून टेबलावरच्या रेडिओवर चाललेलं खतांविषयीचं भाषण ऐकावं लागलं.

"अडकल्याचं काही नाही," त्या नंतर म्हणाल्या. "पण फोन उचलून माणूस नाहीसा होतो, हे मला नाही चालायचं."

त्या दिवसापासून त्यांनी जिना धरला, आणि पुढे गुडघ्यांनी जिना सोडला. मग त्या गॅलरीत बसून रस्त्यावर देखरेख करू लागल्या. रस्ता त्यांच्यावाचून सुरळीत चालला होता, हे काही त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांची भूक कमी झाली आणि बोलणं वाढलं. नंतर बोलणंही कमी झालं, तेव्हा सून घाबरली.

"मी येतो ना लिफ्टमधून तुझ्याबरोबर," मुलगा म्हणाला.

"म्हणजे दोघं अडकू. त्यात तुला लगेच भूक लागते."

सुनेच्या कंपनीने नुकतीच लिफ्टमधली मदतीची बटणं इंटरनेटला जोडली होती. बटण दाबलं की निरोप कंपनीच्या सर्व्हरकडे जायचा. सर्व्हरने वेबवरून टेलिफोन कंपनीच्या यंत्राला सांगायचं, की या नंबराला फोन लाव, त्या नंबराला लाव, आणि जो सापडेल त्याची आत अडकलेल्या माणसाशी गाठ घालून दे. सगळं त्याच क्षणी, मधे कुणी न बसता. म्हणजे काम मध्यस्थाचंच. फक्त हा मध्यस्थ चहा मागत नाही. हा मध्यस्थ लिहून काढायचं काम सुनेने मागून घेतलं आणि पहिली इमारत म्हणून आपलीच निवडली.

ऑफिसातली चाचणी उत्तम झाली. बटण दाबताच रखवालदार, मेकॅनिक आणि घरचा माणूस अशा तिघांच्या नावाने ठेवलेले फोन एकदम वाजले. जो पहिला उचलेल त्याला जोडायचं आणि बाकीचे बंद करायचे, असा बेत होता. फोन लगेच उचलले गेले, कारण साहेब समोर उभे होते.

मग चाचणी इमारतीत झाली. सून स्वतः लिफ्टमध्ये उभी राहिली आणि तिने बटण दाबलं. फोनच्या सगळ्यात जवळ रखवालदार. त्याने पहिल्याच घंटेला उचलला. बाकीचे दोन फोन शहाण्यासारखे गप्प झाले.

"हो हो, सांगतो," रखवालदार म्हणाला. टेबलावर रिसीव्हर ठेवल्याचा टक्क आवाज आला आणि मागून रेडिओ सुरू झाला.

म्हणजे जुनाच प्रकार. फक्त आता तो सगळ्या जगाला वळसा घालून येत होता.

"त्याचा नंबरच काढून टाका, ताई," मेकॅनिक म्हणाला. त्याला सगळे पक्कड म्हणत, कारण ती त्याच्या खिशात कायम असे. "एक घाव, दोन तुकडे."

"गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"त्याच्याकडे."

"मग?"

त्या खोलीत शिरल्याशिवाय अडकलेली लिफ्ट हलवता येत नसे; पक्कडने सल्ला मागे घेतला.

दुखणं कुठे आहे ते तिला त्या संध्याकाळी कळलं. तिच्या प्रोग्रामच्या लेखी 'उचलला' आणि 'आला' या दोन्ही गोष्टी एकच होत्या. टेलिफोनच्या यंत्राला फोन उचलला गेला एवढंच समजतं. मग उचलणारा माणूस असो, किंवा 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती' असं म्हणणारी ध्वनिमुद्रित बाई असो. यंत्र दोघांनाही सारखाच मान देतं.

तिने निम्मा प्रोग्राम मोडला. आता फोन उचलणाऱ्याला यंत्र विचारणार होतं: येत असाल तर एक दाबा. एक दाबेपर्यंत तो आला असं धरायचं नाही, बाकीचे नंबर सोडायचे नाहीत. पहिल्या नंबरांवर कुणी येत नसेल तर त्याच माणसांचे दुसरे नंबर लावायचे. आणि एक दाबलेल्याने मधेच फोन ठेवला, की त्याला पुन्हा फोन.

लिफ्टमध्ये काय ऐकू यावं हे तपासायला तिने सोफ्यावरच्या सासूबाईंना फोन लावून दिला. यंत्र म्हणालं, "कृपया प्रतीक्षा करा."

"प्रतीक्षाच करतेय मेली. आत दुसरं काय करणार, पोहू?"

"मग काय म्हणायला हवं, आई?"

"कुणाला फोन लावला, त्याने उचलला का, नसेल तर आता कुणाला लावतेस. हे सांग. गोड बोलू नकोस."

सुनेने तसं लिहिलं. सासूबाईंनी आणखी दोनदा नापास केलं, तिने दोनदा पुन्हा लिहिलं. नवऱ्याने विचारलं, "आई खरंच उतरेल असं वाटतं तुला?" ती म्हणाली, "नाही उतरल्या तर अजून लिहीन."

शेवटी सासूबाईंनी अट घातली. "मी एकटी बसते. मधेच थांबवा. पण यादीत तुझा नंबर नको."

"का?"

"तू येशीलच गं. तुझं येणं म्हणजे परीक्षा नव्हे."

सुनेने आपला नंबर पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड नेहमीच्या तपासणीचं सांगून रखवालदाराकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेला. परीक्षेचं रखवालदाराला कुणी काही कळवलं नव्हतं. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. दार लागलं, लिफ्टचा पाळणा खाली सरकला आणि पक्कडने तो सहाव्या नि पाचव्या मजल्याच्या मधे थांबवला; कुणी येऊन सांगेपर्यंत तो सोडायचा नव्हता. सून पाचव्या मजल्यावर जाळीच्या दाराशी उभी होती. तिथून लिफ्टमधला स्पीकर ऐकू येत होता.

"रखवालदाराला फोन लावला आहे," यंत्र म्हणालं. "उचलला. पण येतो असं म्हटलेलं नाही." खालून रेडिओ. "मेकॅनिकला फोन लावला आहे. लागत नाही."

मशीनच्या खोलीला चारी बाजूंनी जाड भिंती. तिथे मोबाईल चालत नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. "मुलाला फोन लावला आहे," यंत्र म्हणालं. मुलगा मीटिंगमध्ये होता. त्याने तो कापला. वर धावत जाऊन पक्कडला हाक मारणं सुनेला सहज जमलं असतं. तिने जाळीची पट्टी घट्ट धरली आणि जागची हलली नाही.

"रखवालदाराच्या मोबाईलवर फोन लावला आहे," यंत्र म्हणालं. खाली घंटा वाजली. "उचलला. पण येतो असं म्हटलेलं नाही. पुन्हा लावत आहे." पुन्हा घंटा. "पुन्हा लावत आहे."

खालून त्रासलेला आवाज आला, "अरे, कोण आहे ही बाई? दाबला एक. दाबला, म्हणतो ना."

"कोण?" लिफ्टमधून सासूबाईंचा आवाज.

"मी आहे आजी. अडकलात? हो हो, सांगतो."

"सांगू नकोस. ये. आणि फोन ठेवू नकोस."

बहुधा त्याने ठेवून पाहिला असावा, कारण खाली लगेच घंटा वाजली. मग जिन्यावर पावलं ऐकू आली. रखवालदार मोबाईल कानाला लावून, दुसऱ्या हाताने कठडा धरत सुनेसमोरून वर गेला. तिच्याकडे बघायलाही त्याला सवड नव्हती. "पाचवा झाला आजी. दम लागतोय."

"लागू दे. बोलत राहा. घरी कोण कोण असतं?"

"बायको आहे... सासू पण आहे... सहावा."

"तिचे गुडघे कसे आहेत?"

गच्चीवरून दारावर थापा पडल्याचा आवाज आला, मग पक्कडचा, मग दोघांचा. लिफ्ट हलली आणि सुनेच्या डोळ्यांसमोरून इस्त्रीची साडी खाली गेली. सून जिना उतरत धावली.

ती तळमजल्यावर पोचली तेव्हा सासूबाई बाहेर येऊन पर्स काखोटीला नीट लावत होत्या. चेहरा पांढरा होता, पण मान ताठ.

"कसं आहे?" सुनेने विचारलं. तिला यंत्राबद्दल विचारायचं होतं की सासूबाईंबद्दल, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

"चिकट आहे. सोडत नाही माणसाला," सासूबाई म्हणाल्या. "पक्कडसाठी वर एक तारेचा फोन बसव."

"आजच बसवते. चला, मी येते बरोबर."

"तू तो फोन बसव." त्या पायऱ्या उतरल्या, फाटकाशी थांबून दोन्हीकडे पाहिलं आणि वळल्या. गर्दीत त्या दिसेनाशा होईपर्यंत सून उभी राहिली. मग तिने टेबलावरचा रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तार मोजायला गच्चीकडे निघाली; लिफ्टने.