सानगडीचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला

भुपेंद्र पुंडलिकराव कापगते. जन्म १९९१, सानगडी, तालुका साकोली. मृत्यूच्या वर्षाची जागा सुदैवाने रिकामी आहे.

साकोलीत तिघांची संगणक कंपनी चालवणाऱ्या या गृहस्थाने तलावाच्या पाण्याची पाळी ठरवून शेतकऱ्यांना मोबाइलवर कळवणारा प्रोग्राम तयार केला. सानगडीत तो चालू लागला. २०२३ च्या जूनमध्ये आसगावच्या तलाव समितीने तो घेतला आणि पहिल्याच चाचणीत गोंधळ उडाला. सानगडीत पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेताला प्रथम पाणी मिळते. आसगावचा रिवाज शेवटच्या शेतापासून सुरू होण्याचा. भुपेंद्रने सर्व गावे आपल्यासारखीच गृहीत धरली होती. भाताच्या रोवणीपूर्वी दुरुस्ती न झाल्यास समिती कागदी यादीकडे परतणार होती. मग इतर गावांनी कंपनीला दारात उभे केले नसते.

आसगावच्या रुचिका डोंगरवार या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने फोन केला. "भाऊ, आतला कोड दाखवा नं. आमच्या गावचा हिसाब तुमाले कायचा समजते?"

भुपेंद्रने सगळा कोडच इंटरनेटवर खुला करण्याचे ठरवले. वडील पुंडलिकराव जेवताना थांबले.

"दोन वर्षं डोळे फोडले अन् आता फुकट वाटून राहिला? कंपनी आहे का सदावर्त?"

"बाबूजी, तलावाचा पाट कोण साफ करते?"

"ज्याले पानी पाह्यजे तो."

"बस. मोठ्या कंपन्या बी आपला कोड काहून खुला ठेवतात? वापरनारा दुरुस्तीले हात लावते. आपला प्रोग्राम बी लोकायच्या खुल्या कोडावरच उभा आहे."

"अन् कोनी पाटच उचलून नेला तं?"

"नेऊ द्या. चालवाले आपल्यालेच बोलावतीन!"

रुचिकाने नवव्या दिवशी दुरुस्ती पाठवली. शिवाय तिने सानगडीतीलही एक चूक पकडली: एकदा पाळी हुकलेला शेतकरी पुढील दोन फेऱ्यांच्या यादीतून गळत असे.

पुंडलिकराव ताडकन उठले. "मागच्या साली मले दोनदा पानी नाही भेटलं, ते तुह्यापायी का रे?"

घरभर हशा पिकला. शेवटी तेही हसले.

आसगावची रोवणी नव्या यादीनुसार, वेळेवर झाली. पुढील हंगामापर्यंत अकरा गावे जोडली गेली. कोड विनामूल्य राहावा, सुधारणा करणाऱ्याने ती सर्वांना द्यावी आणि बसवणी व देखभालीचे शुल्क कंपनीने घ्यावे, असे ठरले. पुंडलिकरावांचा दोन थकीत पाणीपाळ्यांचा लेखी अर्ज मात्र सानगडीच्या समितीपुढे अद्याप प्रलंबित आहे.