पहिला फोन माझा नव्हता

संकेत, पूर्वसूचना वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी हळूच उठून चहा टाकायला जायचे... आज मीच लिहितेय.

आम्ही कोलकात्यात सॉल्ट लेकला राहतो. नवरा समीर सरकारी बँकेत, बदलीने आलेला. मी इथल्या विमानतळावर एका एअरलाइनच्या ग्राउंड स्टाफमध्ये. तिथे मराठी बोलणाऱ्या दोघीच — मी आणि मुग्धा. मुग्धा दिसायला छान, बोलायला त्याहून छान आणि समीरला तिचं भारी कौतुक.

गेल्या डिसेंबरात समीर दुपारच्या विमानाने पुण्याला निघाला होता. मी खाली विमानापाशी ड्यूटीवर. सामान चढवणारी गाडी मागच्या कार्गो दाराखाली थडकली. कुणाला सांगू नका म्हणून ड्रायव्हरने हात जोडले, "दीदी, काउके बोलबेन ना, चाकरी चोले जाबे." त्याची नोकरी जाईल म्हणून मी घुटमळले. मग बाजूला जाऊन आमच्या गोपनीय सेफ्टी लाइनवर फोन केला. तिथे कळवणाऱ्याचं नाव फक्त सेफ्टी ऑफिसर लाहिडीदांना ठाऊक असतं. विमान थांबलं, पत्र्याला चीर सापडली, प्रवासी उतरवले.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी एकच — मुग्धानेच कळवलं असणार. विचारलं की ती गोड हसायची, "गोपनीय असतं ना ते, मी काय बोलणार?" आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

समीरला मी खरं सांगितलं, तर तो हसला. "तू? सोसायटीच्या वॉचमनशी बोलायलाही मला पाठवतेस." संक्रांतीला त्याने मुग्धाला जेवायला बोलावलं. गुळपोळ्या मी लाटल्या आणि तिच्या पानात तूप हा वाढत होता... "हिच्यामुळे वाचलो." माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी सरळ लाहिडीदांना गाठलं. म्हटलं, माझी हरकत नाही, माझ्या नवऱ्याला एकदा सांगा की मीच कळवलं.

"सांगतो की. पहिल्या फोनचं सांगू की दुसऱ्या?"

"मी एकच केला होता."

"तो आला तेव्हा इंजिनियर चीर बघत होता," ते म्हणाले. "त्याआधी सकाळी तुमचाच फोन होता. आवाज तुमचा, नाव तुमचं. मागच्या कार्गो दाराखाली बघा म्हणालात. तेव्हा ते विमान कोलकात्यात उतरलंही नव्हतं. मला वाटलं, तुमचा काहीतरी घोळ झालाय. तरी निघण्याआधी तेवढी जागा तपासायला सांगून ठेवलं."

सकाळी मी घरी समीरची बॅग भरत होते. माझ्या मोबाइलवर त्या नंबरला केलेला एकच कॉल दिसतो — दुपारचा.

"मी... घाबरलेली वाटत होते का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. म्हणालात, माझा नवरा आहे त्यात, बाकी नंतर बघू."

दुपारच्या फोनवर मी समीरचं नावही काढलं नव्हतं. माझ्या डोक्यात तो ड्रायव्हर होता.

"मग, सांगू ना त्यांना?" लाहिडीदांनी विचारलं. मी नको म्हटलं.

या सगळ्याचा उलगडा अजून झालेला नाही. मुग्धावरचा राग मात्र गेला. आता जळते ती त्या फोनवरच्या बाईवर... समीरसाठी ती जराही घुटमळली नाही.