तीन बाटल्यांचा एक जग

रविवारी सुदामा नगरला माझ्या दिरांच्या घरी तीन टकीला एकाच स्टीलच्या जगात ओतल्या गेल्या. चार दिवस झाले... राग उतरलेला नाही.

प्रकाशभाऊजींच्या मुलीने त्या मेक्सिकोहून आणल्या होत्या. मागच्या आठवड्यात मी तिन्ही घोट घोट चाखल्या. पांढरी ब्लँको लाकडाच्या पिंपात जातच नाही. नुकत्या सोललेल्या उसासारखा वास, मागून मिरी. रेपोसादो काही महिने पिंपात राहिलेली. तिच्यात झाड, म्हणजे टकीला जिच्यापासून होते ती कोरफडीसारखी वनस्पती, आणि पिंपाचं लाकूड एकमेकांना सांभाळून घेतात. सर्वांत जुनी आन्येहो गुळचट... लाकूडच फार, झाड हरवलेलं. माझं मत पांढरीला.

पण रविवारची बैठक माझ्या मतासाठी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तापात शिरीषची, माझ्या नवऱ्याची, वासाची जाण गेली. तेव्हापासून जेवताना तो फक्त मीठ बरोबर आहे की नाही तेवढं सांगतो. हल्ली मधूनच लवंग कळते म्हणाला होता. खरंच कळते, की माझं मन राखायला म्हणाला... ते मला कळेना.

म्हणून ठरलं, डोळे मिटून त्याने तिन्ही ओळखायच्या. जाताना रिक्षात मी त्याला तिघींचं वर्णन करून सांगितलं.

स्वयंपाकघरात गेले तर तिन्ही बाटल्या धुऊन ओट्यावर पालथ्या.

भाऊजी म्हणाले, "थोडी थोडी तर उरली होती, वहिनी. एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवली. बाटल्या जागा किती खातात!"

"अहो, ते तीन वेगळे प्रकार होते."

"आमचे बाबा जुन्या मध्य भारत सरकारच्या आबकारीत, दारूच्या खात्यात होते, आम्हाला नका सांगू. दारू ती दारू! आणि दादाला क्या फरक पडतो? नाक तर बंदच आहे ना त्याचं."

जगाचं मी विसरेन. हे शेवटचं वाक्य विसरणार नाही.

मी काही बोलायच्या आत भाऊजी फुलपात्र भरून बाहेर गेले. सोबत शेवेची वाटी, वर जीरावन मसाला भुरभुरलेला. शिरीषच्या हातात फुलपात्र देत, मला डोळा मारत म्हणाले, "ले दादा, ही पांढरी."

मी तोंड उघडणार होते. पण शिरीषने डोळे मिटले होते...

गार केलेल्या दारूचा वास निम्मा मरतो. तो फुलपात्र बराच वेळ नाकाशी धरून बसला. एक घोट घेतला. पुन्हा नाकाशी धरलं.

"पक्या, खोटं बोलू नको. ही पांढरी नाही. हिच्यात लाकूड आहे." मग थांबून म्हणाला, "पण खाली कुठेतरी ऊसही आहे... काय घोळ घातलास?"

"मान गए, दादा!" भाऊजी टाळी देत हसले. जणू परीक्षा त्यांनीच ठेवली होती. आता नातेवाइकांना फोन करकरून सांगताहेत की त्यांच्या जगाने दादाचं नाक उघडलं.

येताना रिक्षात शिरीष तोंड बाहेर काढून बसला होता. एकेका वासाचं नाव घेत होता. डिझेल... तळणाचं तेल... ओली माती. स्नेहलतागंजच्या वळणावर गटाराचंही नाव त्याने आनंदाने घेतलं.

मी कृतज्ञ आहे. त्या नाकाची.

प्रकाशभाऊजींची नाही.