पाच इंची रुळांवरचं इंजिन

एका सकाळी हनुमंतरावांची वाचा गेली आणि मागे एकच शब्द उरला : ‘वेण्डाम’. तमिळमधलं ‘नको’. पाणी हवं असलं तरी वेण्डाम, नको असलं तरी वेण्डाम. कॉफी फक्कड झाली, पायाला मुंगी चावली, दारात कोणी आलं, सगळ्याला तेच. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललेला माणूस. पण अर्धांगाच्या झटक्याने घरची मराठी साफ पुसून नेली आणि तीस वर्षं इंजिनावर फायरमनांशी बोललेल्या तमिळमधला तेवढा एक शब्द कसा कोण जाणे शिल्लक ठेवला. डॉक्टर म्हणाले, “त्या शब्दावर जाऊ नका. त्याला काही अर्थ नाही. त्यांना कळतं बरंचसं, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे.”

डॉक्टरांनी सांगितलं आणि ते पुढच्या रोग्याकडे वळले. त्या एका शब्दाशी रोज संसार करणं कनकलतेच्या वाट्याला आलं.

कनकलता त्यांची धाकटी बहीण. चौपन्न वर्षांची, लग्न न केलेली, तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणारी. वहिनी गेल्यापासून बहीणभाऊ एकत्रच राहत. हनुमंतरावांचा मुलगा प्रणवेश बंगळूरला एका नव्या कंपनीत कंप्युटरवर होता; त्या दिवसांत अशा कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. दिवसा शाळेच्या वेळात अलमेलु नावाची बाई हनुमंतरावांजवळ बसे. त्यांचं उजवं अंग लुळं, उजव्या डोळ्याला सतत पाणी. बाकी भूक चांगली, झोप चांगली. खिडकीशी खुर्ची टाकली की तासन्‌तास बसत. पूर्वी तिथून कोळशाच्या इंजिनाची शिट्टी ऐकू येई. आता डिझेलचा भोंगा येई आणि ते मान वळवत नसत.

अशात एका रविवारी तिरुवैयारूहून वेंकटरमण आले. त्रिचीच्या रेल्वे कारखान्यात हयात घालवलेला हा फिटर हनुमंतरावांचा जुना दोस्त. निवृत्तीनंतर त्यांनी एकच उद्योग केला होता : हनुमंतराव चालवत त्या मीटरगेजवरच्या वायपी जातीच्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती. खेळणं नव्हे. तांब्याचा खराखुरा बॉयलर, आत विस्तव, वर वाफ. परसातल्या माडांभोवती एकमेकांपासून पाच इंचांवर रूळ टाकून ते त्यावर चालवत, मागच्या बुटक्या ट्रॉलीवर स्वतः बसून. अकरा वर्षं लागली होती त्याला.

“पोंगलनंतर मी लेकीकडे जातो आहे, टीचरम्मा,” ते तमिळमध्ये म्हणाले. “बंगळूरला, तिसऱ्या मजल्यावर. घर विकलं. इंजिन कुठे नेऊ? कोइंबतूरचा एक गिरणीवाला मागतो आहे. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. काचेत! त्यापेक्षा तुम्ही घ्या. तांब्यापितळेचं जे पडलं तेवढंच द्या. माझ्या हाताचं मोल मला नको.”

कनकलतेने भावाकडे पाहिलं. ते वेंकटरमणांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

“वेण्डाम,” हनुमंतराव म्हणाले.

वेंकटरमणांचा चेहरा उतरला. कनकलता घाईने म्हणाली, “तसं नाही हो, सार, ते सगळ्यालाच तसं म्हणतात.” आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की आज ते खरोखरच नको म्हणत असले तर? आपण त्यांच्या तोंडचं ‘नको’ही काढून घेतलं की काय?

पुढच्या रविवारी भाड्याची गाडी केली आणि तिने व अलमेलुने हनुमंतरावांना तिरुवैयारूला नेलं. वेंकटरमणांनी आधीच विस्तव केला होता. सुपारीएवढे कोळसे, भातुकलीतलं वाटावं असं फावडं. इंजिन काळंभोर, कमरेइतकंही उंच नाही, पण फुसफुसत उभं होतं ते जिवंत जनावरासारखं. त्यांनी दोन फेऱ्या मारून दाखवल्या आणि ते हनुमंतरावांच्या खुर्चीसमोर आणून थांबवलं.

हनुमंतरावांनी चाकं पाहिली नाहीत, धुराडं पाहिलं नाही. वाकून त्यांनी आधी पाहिली ती पाण्याची काच, बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी नळी. डावं बोट तिच्यावर टेकवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “वेण्डाम. वेण्डाम!”

“पाणी कमी आहे म्हणतोय,” वेंकटरमण हरखून म्हणाले आणि हातपंप मारू लागले. “पाहिलंत? विसरला नाही!”

मग हनुमंतरावांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, एखादं जड अवजार उचलावं तसा, आणि वाफ सोडायच्या दांड्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. ते कितीतरी वेळ तसेच बसले; हात दांड्यावर, बोटं उघडी. उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण ते रोजच वाहत असे. मग हात घसरून मांडीवर पडला. “वेण्डाम,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

परतताना गाडीत कनकलतेने घरच्या तंजावूरी मराठीत विचारलं, “अण्णा, घेऊं का तें? खरें सांगा. घेऊं तर हात दाबा.” त्यांनी हात दाबला. “आतां, नको असल्यास दाबा.” त्यांनी पुन्हा दाबला.

त्या दिवसापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला. ज्याला विचारावं त्याचं निराळंच. वेंकटरमणांचं मत त्याच दिवशी पालटलं होतं, निघताना ते तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, “टीचरम्मा, मी चुकलो. न्यायचं म्हणत असाल तर न्या, मी नाही म्हणणार नाही. पण त्याने एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली. रोज त्याच्यासमोर ते ठेवणं म्हणजे लंगड्यासमोर धावणं.” अलमेलुचं म्हणणं उलट : “त्या दिवशी घरी येऊन अण्णांनी तीन दोसे खाल्ले, अम्मा. दुःखी माणूस तीन दोसे खातो?” प्रणवेशला तिने कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. तो मीटिंगमधून उठून फोनवर आला.

“अत्ते, घेऊन टाका ना,” तो म्हणाला. “मी पैसे पाठवतों. सिंपल.”

“पैशांचें नव्हे रे. त्यांस हवें कीं नको, तेंच कळत नाहीं.”

“अत्ते, तुम्ही रोज त्यांजपाशीं असतां. तुम्हांस कळत नसेल तर मज कसें कळेल? तुम्हीच डिसाइड करा.”

तिने फोन ठेवला. बूथवाल्या पोराने पावती पुढे केली ती तिला दिसलीच नाही.

शाळेत मुली प्रयोगाच्या वह्या तपासायला देत आणि ती प्रत्येक पानावर बरोबरची खूण करत सुटे. शिकवताना ती म्हणे, मोजता येत नाही ते सांगू नका. आणि घरी गेली की न मोजता येणारंच सगळं. अण्णा हसले की तिला वाटे, इंजिन आठवलं. अण्णा गप्प बसले की वाटे, इंजिन आठवलं. शिवाय व्यवहार होताच : घरामागे एक विहीर, कपड्यांची दोरी आणि एक कढीपत्ता. रूळ कुठे टाकायचे? विस्तव कोण घालणार? पाणी काचेत दिसेनासं झालं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर बॉयलर जळून जातो, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पोंगल चार दिवसांवर आला तेव्हा तिने ठरवलं : नाही म्हणायचं. पत्र लिहिणं बरं दिसेना, म्हणून ती बसने एकटीच तिरुवैयारूला गेली.

घर निम्मं रिकामं झालं होतं. ओसरीवर खोकी. परसात मात्र इंजिन होतं आणि त्यात विस्तव होता.

“शेवटचं चालवतोय,” वेंकटरमण म्हणाले. “आलाच आहात तर तुम्हीही बसा.”

“मी? छे, मला कुठे येतं!”

“अठ्ठावीस वर्षं पोरींना काय शिकवलंत?”

तिने काय शिकवलं होतं? फळ्यावर खडूने सिलिंडर काढायचा, त्यात दट्ट्या, बाणांनी वाफेची वाट. डोळे मिटून ती ते चित्र काढू शकली असती. पण वाफेवर चालणाऱ्या कशालाही तिने कधी हात लावला नव्हता. भाऊ ड्रायव्हर असून ती इंजिनावर कधी चढली नव्हती. बायका चढत नसत, आणि तिनेही कधी म्हटलं नव्हतं.

तिने पदर खोचला आणि ती ट्रॉलीवर बसली. वेंकटरमणांनी काच दाखवली, दाबाचा काटा दाखवला. “हळू ओढा. ते मागेल तेवढंच द्या.”

तिने दांडा ओढला. आधी काहीच झालं नाही. मग पुढून एक खोल उसासा आला, मग दुसरा, आणि तिच्या वजनासकट सगळं हललं. फळ्यावरचे बाण तिच्या तळव्यात धडधडू लागले. माड मागे सरकू लागले. पहिल्या फेरीत तिने श्वास धरून ठेवला होता; दुसऱ्या फेरीत तिने शिट्टी वाजवली; तिसऱ्या फेरीत ती मोठ्याने हसत होती, आणि ते हसू आपलं आहे हे तिला वेंकटरमणांच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं. उतरताना तिचं बोट वाफेच्या नळीला लागलं. चांगलंच पोळलं. तिने हूं की चूं केलं नाही.

ती परसातल्या विहिरीच्या कठड्यावर बसली. महिनाभर ती अण्णांना काय हवं ते शोधत होती. हवं होतं ते तिला.

आता काय करायचं? घेतलं तर कोणासाठी घेतलं म्हणायचं? ज्या दांड्यावर त्यांची बोटं मिटली नाहीत त्यावर आपली मिटायची, आणि तीही त्यांच्या डोळ्यांदेखत? आणि त्यांच्या नावावर घेऊन आपली हौस भागवायची, तर त्यांना कळणार नाही का? सगळं कळतं त्यांना. फक्त सांगता येत नाही.

“काय ठरलं, टीचरम्मा?”

“अण्णांना झेपणार नाही,” ती म्हणाली. वाक्य खोटं नव्हतं. तिने फक्त स्वतःचं नाव त्यात येऊ दिलं नाही.

वेंकटरमणांनी मान डोलावली. “मी म्हणालोच होतो.” ते वाकले आणि विस्तव काढू लागले.

ती घरी पोचली तेव्हा हनुमंतराव खिडकीशी होते आणि अलमेलु तांदूळ निवडत होती. कनकलतेने त्यांना कॉफी पाजली. पेला धरताना तिचं बोट त्यांना दिसलं. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं, बोट उजेडात धरलं आणि टपोऱ्या फोडाकडे पाहिलं. असले फोड त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी मान वर करून बहिणीकडे पाहिलं. तिला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

“होय,” ती म्हणाली. “मीं चालवलें, अण्णा. तीन फेरे. मजच हवें होतें तें. पण मीं नको सांगून आल्यें.”

“वेण्डाम!” ते ओरडले. अलमेलुच्या हातातलं सूप हललं. “वेण्डाम, वेण्डाम, वेण्डाम!” डावा हात दाराकडे गेला, तिच्याकडे आला, पुन्हा दाराकडे. चेहरा लाल झाला. ते हसत होते की रडत होते? अर्धं तोंड हलत होतं, अर्धं नव्हतं. जा म्हणत होते, परत जा आणि घेऊन ये? की विस्तवाजवळ पुन्हा जाऊ नकोस? की, मला न विचारता तू कोण नको म्हणणारी?

कनकलता धावत पाटी घेऊन आली. तिने डावीकडे ‘घे’ लिहिलं, उजवीकडे ‘नको’. मोठ्या अक्षरांत, मोडीतही लिहिलं, त्यांना लहानपणी ती शिकवली होती म्हणून, आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. “बोट ठेवा, अण्णा. एकदांच.”

त्यांनी पाटीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तळहात फिरवून दोन्ही शब्द पुसून टाकले.

अलमेलु म्हणाली, “उद्या पुन्हा विचारा, अम्मा.” दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. दोन्ही दिवशी त्यांनी ‘हवं’लाही हात दाबला, ‘नको’लाही. चौथ्या दिवशी भोगी होती. जुनं जाळायचा दिवस. रस्त्यात धूर होता. बसस्टँडपर्यंत जाऊन कनकलता परत आली. तिरुवैयारूची बस समोर उभी होती, जागाही होती. पण जाऊन काय सांगायचं हे ठरेना.

इंजिन कोइंबतूरला गेलं. बंगळूरहून वेंकटरमणांनी कार्ड लिहिलं की काच फार छान बसवली आहे म्हणे, दिवा पण आहे आत.

फोड फुटला, खपली धरली. रोज संध्याकाळी ती शाळेतून आली की हनुमंतराव हात पुढे करत, तिचं बोट उजेडात धरत आणि त्यावर फुंकर घालत. ती उभी राही. काही विचारत नसे. दहाव्या दिवशी खाली नवी गुलाबी कातडी आली. ती त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिली, तिचा हात सोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून मागितला नाही.