शेजारच्या खाटेवरचा शेणवेकर

स्वाइन फ्लूच्या साली मी शहापूरच्या एका दवाखान्यात न्यूमोनियाने पडलो होतो. शेजारच्या खाटेवर शेणव्याचा एक शेतकरी होता. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांच्याही तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. पण त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. मास्क उचलायचा, दोन शब्द बोलायचा आणि नर्स ओरडली की झोपेचं सोंग घ्यायचा.

मग त्याची धाप फारच वाढली. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला समजावलं, "विषाणूशी लढता लढता यांचं शरीर इतकं चवताळलंय, की स्वतःचीच फुप्फुसं सुजवतंय. ते शांत व्हावं म्हणून स्टेरॉइड देतोय. पण धोका आहे."

तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "सभावच तसा यांचा. उंदराच्या मागं लागले नि भाताची कणगीच फोडली."

त्याने कसाबसा मास्क उचलला. "पण उंदीर मेला ना गो!"

डॉक्टरसुद्धा हसले. ती मात्र हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर तो बोलेनासा झाला आणि मला करमेना. हळूहळू धाप ओसरली. एका सकाळी त्याने मोठ्याने चहा मागितला, तेव्हा मलाच हायसं वाटलं.

त्याला घरी सोडलं त्या दुपारी बायको पिशवी घेऊन उभी राहिली. माझा भाऊ कसाऱ्याहून अजून यायचा होता.

"चला, एसटी जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे. यांच्याजवळ कोण नाय," असं म्हणून तो माझ्या खाटेवर मांडी घालून बसला.