भागुबाईने लावलेली राखण

करंजवाडीच्या चावडीवर भागुबाईला सकाळपासून बसवून ठेवलं होतं, आणि येणारा-जाणारा तिच्याकडे एकदा बघून पुढे जात होता. डोंगरावरच्या शिकारीच्या बंगलीतून गॅसबत्ती, तांब्याचं घंगाळ आणि सतरंज्या गेल्या होत्या. मागच्या खिडकीचा गज वाकवलेला होता. बंगली राखायचं काम तिचं, म्हणून पोलिसांनी आधी तिलाच बोलावलं.

मुरुडहून तळा गावाकडे जाताना जो डोंगर लागतो, त्याच्या माथ्यावर ही बंगली. मुंबईत वकिली करणाऱ्या अण्णासाहेब गुप्त्यांच्या वडिलांनी ती बांधली. दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगळुरी कौलं. थंडीत अण्णासाहेब मित्रांना घेऊन डुकराच्या शिकारीला यायचे आणि चार दिवस राहून जायचे. बाकी वर्षभर बंगली असायची आणि मागच्या झोपडीत भागुबाई. आधी तिचा नवरा शिवदास राखणीला होता. तापाने तो गेला, तेव्हा चावी तिच्या कमरेला आली. स्वातंत्र्याला तेव्हा दोनएक वर्षं झाली होती.

तिने बंगली राखली नव्हती असं कोणी म्हणू नये. खिडक्यांखाली बोरीच्या काट्या रचल्या होत्या. दाराला आणि खिडक्यांना गुरांच्या गळ्यातल्या घंटा बांधल्या होत्या. पावसाळ्याआधी कौलं चाळायला ती स्वतः छपरावर चढायची. चोरी झाली त्या दिवशी ती खाली गावात गोदूबाईच्या सासऱ्याच्या बाराव्याला आली होती. पंगतीत वाढत होती. सगळ्या गावाने तिच्या हातचा भात खाल्ला होता. पण चावडीवर त्यातलं एकही तोंड उघडलं नाही. पोलीस विचारतील, मग साक्षीला मुरुडला जावं लागेल, म्हणून जो तो जमिनीकडे बघत राहिला.

दुपारी अण्णासाहेब आले. खुर्चीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आत कुठे काय ठेवलंय हे बाहेरच्याला कसं कळणार? बाईने स्वतः नेलं नसेल तर वाट तरी दाखवली असेल."

"सायेब, मी न्हाय नेलं."

"मग कोणी नेलं ते सांग."

"ते ठावं असतं तर मी हितं कशाला बसले असते?"

मागे कोणीतरी हसलं. अण्णासाहेब हसले नाहीत. संध्याकाळी तिला सोडून दिलं आणि अण्णासाहेबांनी कामावरही तसंच ठेवलं, कारण त्या डोंगरावर एकटं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. भागुबाईला चावडीपेक्षा याचाच जास्त संताप आला. चोर म्हणायचं, आणि चावीही तिच्याच कमरेला ठेवायची.

मुरुडला तिची बहीण वेणूबाई होती. तिने निरोप धाडला, सोड ते रान आणि इकडे ये. भागुबाईने पुष्कळ विचार केला. आत्ता गेलं तर गाव म्हणणार, बघा, पळाली. ती गेली नाही.

ती गेली धर्माजी गुरवाकडे.

आंबे धरले की बागवाले बहिरीदेवाची राखण लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, बांधावर नारळ टांगतो, आणि मग राखण उठेपर्यंत त्या बागेतल्या पडलेल्या आंब्यालाही कोणी हात लावत नाही. घराला राखण लावा असं मात्र धर्माजीला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"मालकाला इचारलंस काय, भागुवैनी?"

"मला चोर म्हणताना मालकानं कोणाला इचारलं?"

धर्माजी बंगलीवर आला. कुतूहलाने गावही आलं. त्याने दाराच्या चौकटीला लाल फडक्यात नारळ बांधला आणि गाऱ्हाणं घातलं, "ह्या उंबऱ्याच्या आतलं ज्यानं भायेर नेलं, नि हितनं फुडं जो कोण नेल, त्याचा निवाडा, देवा, तुज्याकडं." भागुबाईने दोन्ही हात उंबऱ्यावर टेकले आणि मोठ्याने म्हणाली, "मी पण त्यात आले." त्या दिवसापासून बंगली झाडायची केरसुणीसुद्धा तिने आतच ठेवली.

आठवडाभरात घंगाळ परत आलं. पायवाटेच्या कडेला जांभळीखाली कोणीतरी ठेवून गेलं होतं. भागुबाईने अनंताला गाठलं. शिकारीच्या वेळी सामान वाहायला जे गडी येत, त्यांचा हा म्होरक्या. तो कामासाठी मुंबईला निघाला होता. "सायबाला सांग, घंगाळ आलं. चोर देवाला भ्याला. आता तरी समजेल म्हणावं."

अनंता परत आला तो खाली मान घालून.

"काय म्हनले?"

"जाऊ दे, भागुबाय."

"काय म्हनले ते सांग."

"म्हनले, घाबरून आणून ठेवलंन ना? बत्तीपण ठेव म्हणावं."

त्या दिवशी भागुबाईने चूल पेटवली नाही. चोरी झाली तेव्हा ती चोर ठरली होती, आणि चोरीचा माल परत आला तेव्हा अधिकच चोर ठरली. ज्याने घंगाळ नेलं तो गावात पान खात हिंडत असेल. त्याचं ओझं जांभळीखाली उतरलं, हिचं तसंच राहिलं. आणि हे सगळं समजणारा, कायदा शिकलेला माणूस मुंबईत बसून निरोप धाडत होता.

थंडीत अण्णासाहेब एका डॉक्टर मित्राला घेऊन आले. जीप खाली रस्त्याला लावली. अनंता आणि त्याच्या गड्यांनी वळकट्या, पेट्या आणि काडतुसांची पिशवी वर आणली. नारळ दिसला तेव्हा अण्णासाहेबांनी "हे काय थोतांड?" एवढंच विचारलं आणि उत्तर न ऐकता आत गेले. निघायच्या आदल्या दिवशी एक मोठं डुक्कर पडलं. कोल्हे येतील म्हणून त्यांनी ते मागच्या खोलीत ठेवायला लावलं. आत नेण्यात गड्यांना काही वाटलं नाही.

सकाळी निघायच्या वेळी अनंता अंगणात बसून राहिला.

"अनंता, डुक्कर बांध."

"बांधलं असतं सायेब. पण ते आत हाय."

"म्हणूनच बाहेर काढ म्हणतोय."

"आतलं भायेर न्यायचं न्हाय. राखण हाय."

"अरे, घर माझं. डुक्कर मी मारलं."

"तसं देवाला कोण बोललं न्हाय."

डॉक्टरांना मजा वाटली. "म्हणजे मालक सोडून, असं म्हणायचं राहूनच गेलं का?"

"राहिलं खरं," अनंता म्हणाला. डोकं खाजवत त्याने धर्माजीच्या गाऱ्हाण्यातले शब्द पुन्हा म्हणून बघितले. मालक कुठे सापडला नाही.

"मग आम्ही कसे बाहेर आलो?"

"माणूस म्हंजे जिन्नस न्हाय. पायातल्या चपलांचंपण चालंल. पेटीचं मला सांगता येत न्हाय."

ऊन वर आलं. मागच्या खोलीत माशा घोंघावू लागल्या. अण्णासाहेबांनी जास्त मजुरी देऊ केली, दरडावलं, पोलिसांचं नाव काढलं. गडी उठले नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच डुकराचा मागचा पाय धरला आणि ओढत ओढत उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथे आल्यावर पाय सोडला. कमरेत उसण भरली, असं म्हणाले.

भागुबाई पडवीच्या खांबाला टेकून हे बघत होती.

"भागू, राखण तू लावलीस, तूच उठव."

"उठवते. आधी देवळात चला."

"कशाला?"

"चावडीवर बोललात ते मागं घ्यायला."

अण्णासाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, तू नाही नेलंस. झालं?"

"हितं चार मान्सं नि एक डुक्कर. चावडीवर सगळा गाव होता."

दुसरा उपाय नव्हता. ते डोंगर उतरले. बहिरीच्या देवळापुढे बातमी आधीच पोचली होती. माणसं जमली, बायका लुगड्याला हात पुसत आल्या. अण्णासाहेब पायरीवर उभे राहिले. घसा साफ केला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "बंगलीतल्या चोरीबाबत भागुबाईविरुद्ध कोणताही पुरावा मिळालेला नाही."

धर्माजी राखण उठवायचा नारळ घेऊन पुढे झाला.

"थांबा, भावजी," भागुबाई म्हणाली. "पुरावा न्हाय म्हंजे चोर हाय, पण घावली न्हाय. असलं नको मला."

"अगं, कायद्याने याहून जास्त बोलता येत नाही."

"चावडीवर कायदा आठवला नव्हता. तवा पुरावा कुठं होता?"

मग गोदूबाई पुढे आली. चावडीच्या दिवशी तीही गप्प बसली होती. "सायेब, त्या दिशी ही माज्या घरी भात वाढत व्हती. आमी सगल्यांनी बघितलं. तिनं न्हाय नेलं, एवढंच म्हणा नि सोडा." तिच्याकडे बघण्याची भागुबाईला इच्छा झाली नाही.

अण्णासाहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "भागुबाईने चोरी केली नाही," ते म्हणाले. "मी बोललो ते चूक होतं." आणि पायरी उतरून चप्पल शोधू लागले.

नारळ फुटला. गडी धावत वर गेले. डुक्कर निम्मं नासलं होतं. सामान जीपपर्यंत पोचलं, तेव्हा भागुबाई अण्णासाहेबांपुढे आली. तिने सगळ्यांदेखत खोल्यांना कुलूप लावलं होतं. तिने चावी पुढे धरली.

"आता कुठे चाललीस? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"तवाच जायचं व्हतं. तवा गेले असते तर चोर म्हणून गेले असते."

"मग बंगली कोण बघणार?"

"ते तुमी बघा."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती मुरुडच्या रस्त्याला लागली. अनंता म्हणाला, जिंकलीस बाय. कसलं जिंकणं? तिच्या शब्दावर एवढी वर्षं घर सोपवलं होतं, आणि तोच शब्द ऐकून घ्यायला डुकराला कुजावं लागलं.

वेणूबाईच्या दारात ती पोचली तेव्हा गल्लीतल्या बायका वाळत घातलेली मासळी गोळा करत होत्या. वेणूबाईने गाठोडं उतरवून घेत विचारलं, "कामावरनं काढलंन काय गं मालकानं?"

भागुबाईने गाठोडं परत आपल्याकडे ओढलं, खाली ठेवलं नाही. गल्लीकडे तोंड केलं, आणि आजूबाजूच्या बायका हातातलं काम थांबवून बघतील एवढ्या आवाजात, चावडीपासून सांगायला सुरुवात केली.