ओढ्याअलीकडचा पाऊस

असं काही लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे मला नक्की सांगता येणार नाही. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते अर्जापुरतं, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तेव्हा कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

आमची वाडी आंदर मावळात आहे. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. त्याला पाणी आलं की धाकटी बहीण शाळेला मुकते, आणि यंदा ती दहावीला आहे. म्हणून वाडीनं ओढ्यावर साकव मागितला, माणूस पायी जाईल एवढा लहान पूल. उत्तर आलं की साकव फक्त अतिवृष्टीच्या वाड्यांना मिळतो आणि आमच्या वाडीवर पाऊस कमी पडतो.

आई म्हणाली, "कमी पडतो म्हणं. मग गळतीखाली ही पातेली काय शोभेला मांडतू व्हय?"

मी पुण्याला भूगोल शिकतो, म्हणून मलाच वडगावच्या तालुका कचेरीत धाडलं. तिथल्या साहेबांनी संगणकावर तालुक्याचा नकाशा दाखवला आणि मला परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ही पद्धत आम्हाला नुकतीच शिकवली होती. पाऊस मोजणारी केंद्रं थोडी आणि विखुरलेली असतात. मग सगळ्या तालुक्यावर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनाला त्याच्या सर्वांत जवळच्या केंद्राचा आकडा द्यायचा. मध्ये डोंगर आहे का, हे कोणी विचारत नाही. शेजारून विरजण आणावं तसंच हे. फक्त इथे दूधही शेजाऱ्याचंच धरतात.

आम्हाला जवळची केंद्रं दोन, एक लोणावळ्याकडचं, दुसरं आंबीकडचं. त्यांची हद्द नेमकी आमच्या ओढ्यावरून गेली होती. ओढ्यापलीकडे, रस्त्याच्या अंगाला, चुलत्यांचा गोठा आहे. त्याला लोणावळ्याचा पाऊस मिळाला होता. अलीकडे सगळी घरं. त्यांना आंबीचा, कमी.

"साहेब, गोठ्यावर कोणी खोकलं तरी आमच्या ओट्यावर ऐकू येतं," मी म्हणालो. "पाऊस एवढा वेगळा कसा असेल?"

"जवळचं केंद्र वेगळं आहे ना."

"दोन्ही केंद्रांचे आकडे अंतराच्या हिशेबानं मिसळले तर?"

त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "दोघांना विचारलं की मतभेद होतात. एकालाच विचारलेलं बरं."

मला ते पटलं नाही. मग वाडीतच पर्जन्यमापक बसवावा, असा अर्ज मी तिथल्या तिथे लिहून दिला. साहेब खूश झाले. "हे मुद्द्याचं बोललात. तुमच्या वाडीचा स्वतःचा आकडा आला की साकव कोण अडवणार?"

घरी आल्यावर मी सगळं नीट समजावून सांगितलं. चुलते वडिलांना म्हणाले, "म्हंजी माज्या म्हशी लोणावळ्याच्या झाल्या. साकव त्यांनाच मिळंल बग. तू आपला शेपूट धरून पलीकडं ये."

"आन तुज्या म्हशी उद्या चिक्की मागतील, ती कुठनं आणशील?" वडील म्हणाले.

मी हसलो नाही. अर्जावर माझा विश्वास होता. कॉलेज सुरू झालं आणि मी पुण्याला परतलो. पाऊस लागला. वाडीत फोनला रेंज नसते; डोंगराच्या धारेवर चढावं लागतं, आणि असल्या चिखलात कोण चढणार? बातमीची वाट पाहत मी वर्गात त्याच पद्धतीची गणितं सोडवत राहिलो. गुण चांगले मिळाले.

शेवटी एका दुपारी वडिलांचा फोन आला.

"तुजं यंत्र मंजूर झालं. माणसं आलती घिऊन."

"बसवलं?"

"कुटलं. ओढ्याला पाणी लय. पलीकडंच उभी ऱ्हायली, गोठ्यावर च्या पिली आन गेली."

"मग साकवाचं काय म्हणाले?"

"यंत्रानं पाऊस दावला की साकव."

"आणि यंत्र?"

"पाऊस उघडला की बसवतू म्हनले. दिवाळीनंतर."

बहिणीचं विचारलं. "घरीच हाय," वडील म्हणाले आणि रेंज गेली.